निळ्या बाळाला नुसता ऑक्सिजन पुरत नाही

महोदय,

गडचिरोली-चंद्रपूरच्या आडभागातून नागपूरला शस्त्रक्रियेसाठी निघालेलं नवजात बाळ वाटेत खालावलं, की ऑक्सिजन कमी पडला असं म्हणतात. काही हृदयदोषांत अडचण सिलिंडरची नसतेच.

गर्भात उघडी असणारी डक्टस ही रक्तवाहिनी जन्मानंतर दोन-तीन दिवसांत मिटत जाते. फुफ्फुसाचं किंवा शरीराचं रक्त याच वाटेवर अवलंबून असेल, तर ते बाळ सुटी होईपर्यंत ठणठणीत दिसतं आणि घरी जाऊन दूध ओढेनासं होतं. सावळ्या कातडीवर निळेपणा चटकन कळतही नाही. म्हणून 24 तासांनंतर, सुटीआधी, पल्स ऑक्सिमीटर (रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं यंत्र) उजव्या हाताला आणि एका पायाला लावावा. डावा हात चालत नाही. कुठेही 90 च्या खाली आलं तर लगेच बालरोगतज्ज्ञ गाठावा. दोन्हीकडे 95 किंवा वर आणि फरक 3 पर्यंत असेल तर ठीक; अधलंमधलं आलं तर तासाभराने पुन्हा मोजावं. पाय गार असला किंवा बाळ रडत असलं तर आकडा फसवतो.

अशा बाळाचं खरं औषध म्हणजे डक्टस उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन ई-1. 500 मायक्रोग्रॅमची अँप्यूल 50 मिलि 5 टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळली, की 3 किलोच्या बाळाला ताशी 0.9 मिलि म्हणजे किलोमागे मिनिटाला 0.05 मायक्रोग्रॅम पडतं. सलाईनची सुई निघाली की काही मिनिटांत परिणाम ओसरतो, म्हणून दुसरी सुई आधीच लावून ठेवावी. या औषधाने श्वास थांबू शकतो. हाताने श्वास देण्याचा बॅग-मास्क जवळ हवाच. ताप येतो, रक्तदाब उतरतो.

रक्तातल्या ऑक्सिजनचं लक्ष्य साधारण 75 ते 85 टक्के. मॉनिटरवर 98 दिसावं म्हणून बाहेरून दिलेला ऑक्सिजन वाढवत नेला, तर डक्टस आणखी आवळते आणि काही दोषांत शरीराचं रक्त फुफ्फुसाकडे वळतं. 75 च्या खाली गेलं किंवा फुफ्फुसाचा आजार वाटला, तर अर्थातच द्यावा.

गडचिरोलीतल्या सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या पलीकडे आहे. इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) वाट पाहत बसण्याऐवजी, संशय येताच हृदयरोगतज्ज्ञाशी फोनवर बोलून औषध सुरू व्हावं. त्यासाठी जिल्ह्याच्या एसएनसीयूच्या (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षाच्या) फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत, मुदत न संपलेल्या दोन अँप्यूल तरी कायम हव्यात. आणि रुग्णवाहिकेतला, ठरल्या गतीने औषध सोडणारा सिरिंज पंप बॅटरीवर पूर्ण प्रवासभर टिकतो का, हे निघण्याआधी बघावं.

— नवजात शिशू कक्षात काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका, पूर्व विदर्भ