आखाजीला ये

अमळनेर

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, रजा मिळणं कठीण आहे, असं तू म्हणालीस. बरं, म्हणून मी फोन ठेवला. पण हे वाच आणि मग साहेबांना पुन्हा एकदा विचार.

आपल्या शेजारच्या आक्काची लेक सुरतहून येतेय. आई गेल्यानंतरची तिची ही पहिली आखाजी. भाऊ-भावजय चांगले आहेत, तिला काही कमी पडू देणार नाहीत. पण येणारी-जाणारी प्रत्येक बाई डोळ्याला पदर लावणार आणि म्हणणार, "तुझी माय म्हणजे गाय होती बाई, कधी कोणाला उलट बोलली नाही." पौषात दारावर बसायला आलेल्यांनी हेच चालवलं होतं. दुखवट्याच्या शेवटी गंधमुक्तीला तर एका पाहुण्यांनी उभं राहून भाषणच ठोकलं, शांत, सोशिक, मितभाषी वगैरे. मी आणि आक्काची सून एकमेकींकडे बघत राहिलो. जिचा आवाज ऐकू आला की दूधवाला माप काठोकाठ भरायचा, ती मितभाषी!

तिचं तोंड माहेरीच तयार झालेलं होतं. त्यांच्याकडे आखाजीला बार खेळायचे. नदीच्या या काठाला एका गावच्या बाया, त्या काठाला दुसऱ्या गावच्या, आणि मध्ये शिव्यांचा पाऊस. शिवी कशी चालीत बसली पाहिजे हे ती मला समजावून सांगायची. मी शाळेत पोरांना शुद्धलेखन शिकवणारी बाई, मी कानांवर हात ठेवायचे आणि बोटांच्या फटीतून ऐकायचे.

आमचं कसं जमलं, असं तू एकदा विचारलं होतंस. मलाही नीट सांगता येत नाही. मी रावेरकडची, ती धुळ्याकडची. मी आमचं भरीत तिला शिकवलं, कपाशीच्या पळकाट्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची. तिने मला अहिराणी शिकवली आणि माझी अहिराणी ऐकून ती पोट धरून हसायची. बाकी काही ठरवून झालं नाही. भिंतीला भिंत लागून होती.

तिचा एक नियम मात्र तुला माहीत नसेल. ज्या बाईने आमच्या घरात मिठापासून मांड्यापर्यंत सगळं दिलं, तिने कानबाई देवीच्या प्रसादाचा रोट मला एकदाही दिला नाही. रोट भाऊबंदकीतच खायचा, बाहेर द्यायचा नाही. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी त्यांच्याकडे कानबाई बसली की मी रात्रभर गाणी म्हणायला असायचे, आणि रोट काढायची वेळ झाली की ती मला सरळ म्हणायची, "आता तू घरी जा." मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आतून एक, बाहेरून एक असं तिच्याकडे नव्हतंच. रोटाचे गहू घरातल्या पुरुषमाणसागणिक मुठी मोजून घेतात, तेव्हा तिने आपल्या सासूला सगळ्यांदेखत विचारलं होतं, "मंग बाया काय वारा खातस का?" नवी सून होती तेव्हा. सासू पुढे आयुष्यभर ही गोष्ट स्वतःच कौतुकाने सांगायची.

फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी तिला घेऊन गेले. १९५२ नंतर पहिल्यांदाच अमळनेरला मान मिळाला होता, साने गुरुजींचं नाव मांडवाला दिलेलं, आणि आम्ही दोघी कविकट्ट्यावर पुढच्या रांगेत. तिला डायलिसिस सुरू झालेलं होतं, पण तो तिचा सुट्टीचा वार होता. आठ-दहा कवी ऐकून झाल्यावर ती मला मोठ्याने म्हणाली, "याले बायकोनी घरमा बोलू दिधं नही वाटतं." माइकवरच्या माणसाने ऐकलं. तो हसला आणि त्याने पुढची कविता अहिराणीत म्हटली. ती कविता आक्काला मुळीच आवडली नाही.

आजाराचं तू तुकड्या-तुकड्यांत ऐकलंस. आधी साखर, मग बीपी, आणि वरून गुडघेदुखीच्या गोळ्या, त्या दुकानातून मागून आणायची आणि शेंगदाण्यासारख्या खायची. किडन्या कधी बसल्या कळलंच नाही. (माझ्या गुडघ्याची काळजी करतेस ना? मी शेकते. गोळ्यांचं नाव काढू नकोस.) मग आठवड्यातून दोनदा धुळे, दर वेळी चार तास मशीनवर. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होत होतं म्हणून पैशाचं तेवढं ओझं नव्हतं. जायचा-यायचा त्रास आणि परतीच्या एसटीतली ती मरगळ, तेवढं मात्र तिचं तिलाच.

डाव्या हातावर फिस्टुला केला होता. धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात, म्हणजे सुई टोचायला जाड शीर तयार होते. तिथे बोट ठेवलं की आत सारखं घरघरतं. तिने माझं बोट धरून तिथे लावलं आणि म्हणाली, "दख, आठे भवरा फिरी ऱ्हायना." गल्लीतली पोरं रांग लावून भोवरा बघायला यायची. त्या हाताने ओझं उचलायचं नाही, त्यावर बीपी मोजायचा नाही, काही घट्ट घालायचं नाही. तिने डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि उजव्यात दुप्पट भरल्या. नवरा जिवंत असताना एक हात उघडा, यावर बाया कुजबुजल्या, तेव्हा तिने ओट्यावर उभं राहून सांगितलं, "अर्धा मेला असेल तर मलाही सांगा, मला दिसत नाही."

पण मांडे गेले. खापरावरचा मांडा हातावरच मोठा होतो, हे तू लहानपणापासून बघितलंयस. दोन पाऱ्यांत पुरण भरून कडा दाबायच्या, आधी तळव्यांवर फिरवायचं, मग मनगटावर, मग थेट कोपरापर्यंत, या हातावरून त्या हातावर झेलत झेलत, पार उपड्या खापराएवढा होईपर्यंत. डाव्या हाताला धक्का लागू द्यायचा नाही म्हटल्यावर मांडा कसा करणार? गेल्या आखाजीला ती चुलीपासून लांब स्टुलावर बसली, आणि सून मांडे करत होती. ही तिथून ओरडतेय, "कोपराला ने, कोपराला!" सुनेचा पहिला मांडा फाटला, दुसरा फाटला, तिसरा खापरावर अंथरला गेला तेव्हा आक्काने खाली वाकून त्याच्यातून चूल दिसते का ते पाहिलं. "जाड शे," म्हणाली. सुनेचा चेहरा बघायला हवा होतास. पण तिचे मांडे बघ आता, पदरासारखे पातळ निघतात.

तिला स्वतःला त्यातलं फारसं चालत नव्हतं. आमरस बंद. केळं बंद, आपल्या जळगाव जिल्ह्यात राहून! नारळपाणी, बटाटा, टमाटा, सगळ्यावर काट. भाज्या चिरून पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकायचं. पापड समोर वाळत असायचे आणि ती राखण करायची. पण सगळ्यात वाईट होती ती तहान. दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी, त्यात चहा, वरण, ताक सगळं धरून. आपला उन्हाळा तुला माहीत आहे, चव्वेचाळीसला पारा आणि बोरी नदीच्या पात्रातून येणाऱ्या झळा. ती सकाळी एक तांब्या भरून ठेवायची आणि दिवसभर त्यातलंच पुरवायची. खूपच झालं तर नुसती चूळ भरून टाकायची. मी गेले की मुद्दाम तहान नाही म्हणायचे. ती ओळखायची. "पी ना वं, मी नजर नही लावणार," म्हणायची आणि मला माठातलं गार पाणी स्वतः आणून द्यायची.

गेल्या आखाजीलाच तिच्या वारलेल्या सासऱ्यांच्या नावाची घागर भरली. नवी कोरी घागर काठोकाठ भरली, वर खरबूज ठेवलं. ती बघत बसली होती. मग एकदम हसायला लागली. "जितं शे तवलोंग तांब्याभर, मरी गयं का घागरभर!" घरातले सगळे दचकले. मला इतकं हसू आलं की मी उठून परसात गेले.

यंदा घागर तिची असेल. भटजी येतील, विस्तवावर नैवेद्याची अगारी टाकतील, सगळं रीतसर होईल. आणि मग बाया सुरू होतील, गाय होती, गरीब होती. तिच्या लेकीला हे ऐकत बसावं लागू नये. पौषात एका रात्री ती मला म्हणाली, "मावशी, हे लोक कोणाबद्दल बोलतात? मला माझी माय यात सापडत नाही." माझं एकटीचं तिथे चालणार नाही, मी मोठी, चार बायांत मला गप्प बसावं लागतं. तू लहान आहेस, तू बोललीस तर चालेल. कविकट्ट्याची गोष्ट तुला आता माहीत झाली. बांगड्यांची सांग. आणि तू सातवीत असताना परकर फाडून घरी आलीस, तेव्हा माझ्याआधी आक्कानेच तुला कसं झोडपलं होतं आणि मग कसं शिवून दिलं, तेही सांग.

पुरण कोणी वाटायचं यावरून तुझं नि तिच्या लेकीचं दर आखाजीला भांडण व्हायचं. ते या वेळीही होऊ द्या. मी मध्ये पडणार नाही.

पप्पा बरे आहेत. कैऱ्या पाडायला गच्चीवर चढू नका म्हटलं तर ऐकत नाहीत.

तुझी,
आई

ता. क. : रात्रीच्या ट्रॅव्हल्सने धुळ्याला उतर, सकाळी अमळनेरची एसटी मिळते. साहेब नाहीच म्हणाले तर आखाजीच्या दुसऱ्या दिवशी ये. आक्काची लेक चार दिवस राहणार आहे.