आप्पा, इथं शेकोटी नाही पेटवता येत

लेस्टर,
26 ऑक्टोबर 2025, रविवार

ती. आप्पा आणि आई, सा. न.

काल रात्री इथली घड्याळं एक तास मागं गेली, त्यामुळं आता तुमच्या-आमच्यात साडेचारच्या जागी साडेपाच तासांचा फरक झाला. म्हणजे तुम्ही जेवून आडवं व्हायच्या टायमाला माझी दुपार चालू असणार, तेव्हा आता मीच फोन लवकर करत जाईन.

भाऊबीजेला आप्पा तुम्ही विचारलंत ना, "त्या काचेच्या खोलीचं थंडीत काय करतीस", मी सांगायला लागले तोवर आवाज तुटायला लागला, मग दादानं फोन घेतला आणि विषय बागेवर गेला तो तिथंच राहिला. म्हणून आता सगळं लिहूनच पाठवते, नातवाकडनं वाचून घ्या आणि त्याला म्हणावं कंटाळा आला म्हणून मधलं गाळू नकोस, आजोबांना कळतंय सगळं.

माझ्या त्या ग्रीनहाऊसला तुम्ही पॉलीहाऊस म्हणता आणि मला हसू येतं, कारण ती आहे जेमतेम 6 बाय 8 फूट. आपल्या द्राक्षबागेतल्या दोन वेलांच्या मधली जागा धरा. ॲल्युमिनियमची चौकट, तीन बाजूंनी काच, वर तिरकं काचेचं छप्पर, त्यात एक खिडकी. पलीकडच्या गल्लीतले एक आजोबा घर सोडून मुलाकडं राहायला गेले तेव्हा त्यांनी "सोडवून न्यायचं असेल तर न्या" म्हणून दिली. तुमच्या जावयांनी प्रत्येक काचेवर नंबर घालून उतरवली आणि इथं आणून जोडली, तरी एक काच फुटलीच, तिथं आता पॉलीकार्बोनेटचा पत्रा आहे.

तुम्ही म्हणालात, "शेकोटी पेटव, निफाडला लोक बागेत पेटवतातच की." खरंय, पण ते मोकळ्या रानात आप्पा, इथं काचेच्या डब्यात धूर केला तर झाडं आधी मरतील आणि शेजारी फायर ब्रिगेडला फोन करतील. आणि गंमत म्हणजे मागच्या वर्षी मी साधारण तुमच्याच डोक्यानं चालले होते, थंडी मारते तर थंडीला आत येऊच द्यायचं नाही, आणि त्यातनंच सगळा घोळ झाला. ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही, कारण आईनं मोगऱ्याचं विचारलं की मी विषय बदलत होते.

झालं असं की नोव्हेंबर लागल्या लागल्या मी दार बंद, खिडकी बंद, फटीत चिंध्या कोंबल्या आणि आत एक जुना रॉकेलचा हीटर लावला. इथं रॉकेलला पॅराफिन म्हणतात. पहिले चार दिवस छान ऊब, मी खूश. मग रोज सकाळी बघते तर काचा आतनं गळतायत, पानांवर थेंब, माती ओलीच्या ओली, आणि मी पाणी तर घातलंच नव्हतं आठवडाभर. मग कुठंतरी वाचलं की एक लिटर रॉकेल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी वाफ होऊन हवेत जातं. म्हणजे मी रात्रभर झाडांना उबेबरोबर वाफारा देत होते! डिसेंबरात मोगऱ्याच्या फांद्यांवर राखाडी लोकरीसारखी बुरशी आली, जिरॅनियमची देठं काळी पडून मऊ झाली, आणि ख्रिसमसपर्यंत अकरा कुंड्यातल्या सात गेल्या. थंडीनं एकही नाही गेली बघा. तुम्ही धुकं पडलं की दावण्याच्या, त्या द्राक्षावरच्या बुरशीच्या, भीतीनं पहाटे उठून बागेत फिरता, मी त्याच घरातली पोरगी असून धुकं विकत आणून कोंडून ठेवलं.

म्हणून यंदा ठरवलं की आधी ओल काढायची, उबेचं नंतर.

सप्टेंबर संपता संपता टोमॅटो काढून टाकले. यंदा इथला उन्हाळा आजवरचा सगळ्यात गरम ठरला म्हणे, रेकॉर्ड 1884 पासनं ठेवलंय त्यात, आणि सरासरी किती तर 16 अंश! तुम्ही हसाल, पण टोमॅटोला मानवला. हिरवे राहिले त्यांचा ठेचा केला, आई, शेंगदाणे जरा जास्त घालून, तू करतीस तसा नाही झाला पण संपला.

मग सगळ्या कुंड्या बाहेर काढून काच धुतली, आतनं बाहेरनं, गरम पाणी आणि जंतुनाशक घालून. काचेवर काच जिथं चढते त्या फटीत हिरवं शेवाळ बसतं, ते काही केल्या निघत नाही, शेवटी रोपाला नाव लिहून खोचायची ती प्लास्टिकची पट्टी असते ना ती आत घालून खरवडलं आणि चौकटीच्या कोपऱ्यातलं टूथब्रशनं. तुमचे जावई म्हणाले एवढं काय, आरसा आहे का तो. पण उजेडाचा हिशोब ऐका. डिसेंबरात इथं सूर्य सव्वाआठच्या सुमाराला उगवतो आणि चारच्या आत गुल, जेमतेम साडेसात तासांचा दिवस. त्यात 21 तारखेला भर दुपारीसुद्धा तो क्षितिजापासनं 14 अंश वर येतो फक्त, आपल्या तासगावात त्याच दिवशी 50 अंशाच्या आसपास असतो. म्हणजे आमच्याकडं बारा वाजता तुमच्या सकाळी आठचं ऊन. त्यातलंही काचेवरच्या मळानं खाल्लं तर झाडानं जगायचं कशावर?

धुवून झाल्यावर बबल रॅप. पार्सलमधला नाही, त्याचे फुगे बारके असतात, हा मुद्दाम ग्रीनहाऊससाठी मिळतो, मोठ्या फुग्यांचा, उन्हानं लवकर तडकत नाही असा. चौकटीला खाच असते तिच्यात प्लास्टिकची क्लिप घालून पिरगाळायची आणि रॅप तिच्यावर टोचून बसवायचा. ऐकायला सोपं आहे. छपराखाली मान वर करून दोन तास उभं राहिलं आणि बाहीतनं पाणी कोपरापर्यंत आलं की कळतं. मागच्या वर्षी खिडकीसकट सगळं एकाच तुकड्यात मढवलं होतं, मग खिडकी उघडणार कशी. यंदा खिडकीला वेगळा तुकडा कापला, आणि दक्षिणेकडं एकच थर, उत्तरेला दोन, कारण तिकडनं उजेड येतच नाही फारसा. शिवाय मधोमध रॅपचाच पडदा सोडलाय, मागचा अर्धा भाग फक्त गरम ठेवायचा. 48 स्क्वेअर फूट तापवण्यापेक्षा 24 तापवलेलं परवडतं.

आप्पा, त्या खिडकीची गंमत तुम्हाला आवडेल. तिला एक नळी आहे, आत मेण असतं, गरम झालं की मेण फुगून दांडा ढकलतं आणि खिडकी आपोआप उघडते, गार झालं की मिटते. ना वीज ना मोटर. पण थंडीत आत तेवढं गरम होतच नाही, म्हणजे खिडकी मिटलेली ती मिटलेलीच. म्हणून ती नळी काढून ठेवली आणि आता ऊन असेल त्या दिवशी दहा ते दोन मी हातानं उघडते. शेजारचे बघत असतील की बाहेर 6 अंश आणि ही बाई खिडकी उघडतीय.

रॉकेलचा हीटर दिला टाकून. यंदा विजेचा घेतलाय, पंख्याचा, थर्मोस्टॅटवाला, 7 अंशाला लावलाय, त्याच्या खाली गेलं की आपला आपण चालू होतो. बाहेर प्लग घेताना इलेक्ट्रिशियनकडनंच करून घेतलं, ओल्या जागी वीज म्हणजे खेळ नाही. बिलाचं विचारू नका! 2 किलोवॅटचा आहे, तासभर चालला की 2 युनिट, आणि इथं युनिट पंचवीस-सव्वीस पेन्सला पडतं. रात्रभर सलग चालत नाही म्हणून बरंय. आणि हीटर बंद असला तरी त्याचा नुसता पंखा फिरत ठेवता येतो, हवा हलती राहिली की पानावर पाणी साचत नाही. मला तर उबेपेक्षा पंख्याचाच जास्त भरवसा वाटायला लागलाय.

तुम्ही सांगितलेली एक गोष्ट मात्र कामाला आली. थंडीच्या लाटेत पहाटे बागेला पाणी सोडतात, विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं म्हणून. इथं पाणी सोडायचा प्रश्नच नाही, पण तेलाचे 5 लिटरचे रिकामे कॅन काळे रंगवून, पाणी भरून, दक्षिणेच्या काचेला लावून ठेवलेत. दिवसा ऊन असलं तर तापतात, रात्री हळूहळू सोडतात. फार फरक पडतो असं नाही, ढगाळ आठवडा असला तर काहीच नाही, पण तुमची आठवण म्हणून ठेवलेत असं समजा. झाडाला घालायचं पाणीपण झारीत भरून आतच ठेवते, म्हणजे मुळावर एकदम बर्फासारखं पडत नाही. घालते तरी कुठं, माती बोटभर खोल कोरडी लागली तरच, तेही सकाळी.

आता झाडांचं, हे आईसाठी.

कढीपत्ता घरात घेतला. त्याला 7 अंश चालत नाही, मुकाट्यानं पानं टाकतो. तो बेलग्रेव्ह रोडवरच्या दुकानातनं घेतलाय, भारतातनं रोप किंवा बी आणायचं तर सरकारी सर्टिफिकेट लागतं, म्हणून तू पुडीत बांधून दिलेलं बी मी तिथंच कपाटात ठेवून आलेले, रागावू नकोस. आत आणण्याआधी प्रत्येक पान उलटून बघितलं, तरी देठाच्या बेचक्यात मिलीबग सापडलाच. कापसाच्या काडीनं एकेक पुसून काढला. आता घरातल्या कोरड्या हवेत लाल कोळी ही कीड यायची भीती, कारण हिटिंग चालू असतं दिवसभर. पानं पिवळी व्हायला लागलीत पण मागच्या वर्षीपण झाली होती, मार्चमध्ये पुन्हा फुटला, तेव्हा काळजी नाही.

लिंबू ग्रीनहाऊसमध्येच, पडद्यामागं. त्याला अकरा लिंबं आहेत, सगळी हिरवी, रोज मोजते. मिरचीची दोन झाडं ठेवली, बाकी उपटली, ती दोन छाटून वीतभर ठेवलीत, जगली तर पुढच्या वर्षी महिनाभर आधी मिरच्या. अळूची पानं पहिल्या गारठ्यातच झोपली, कंद काढून वर्तमानपत्रात गुंडाळून जिन्याखाली ठेवलेत, तुमच्या जावयांनी ते बटाटे समजून जवळजवळ शिजवले असते. मोगरा नवीन आणलाय. लहान आहे अजून. त्याला पांढरं फ्लीस पांघरलंय, आपल्याकडं डाळिंबाला क्रॉप कव्हर घालतात तसलंच, पण दिवसा काढते, नाहीतर परत तेच कोंडणं.

तुळस सगळ्यात नाजूक. 10 अंशाच्या खाली गेलं की पानं काळी. ती स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, आठवड्याभरात लग्न आहे तिचं, ऊस मिळाला तर बघते, नाहीतर मागच्यासारखी बांबूची काठी. जानेवारीत ती टिकत नाही हे मला माहितीय, म्हणून मंजिऱ्या सुकवून पाकिटात घालून ठेवल्यात. पोरगी म्हणते लग्नाच्या आधीच बी कसं धरलं. काय सांगणार!

दादाला म्हणावं यंदा मे पासनं पाऊस लागला आणि घड जिरलेत, धरलेच नाहीत, हे ऐकून फार वाईट वाटलं, फोनवर नीट बोलता आलं नाही. उरलेल्या प्लॉटची छाटणी झाली का ते कळव. आणि आप्पा एक विचारायचं होतं, कढीपत्ता शेंड्याला फार उंच गेलाय, आता घरात आहे तोवर खुडू का फेब्रुवारी संपेपर्यंत थांबू? माझं मन थांबायचं म्हणतंय, आता फुटवा आला तर या उजेडात लांबट आणि पिचका येईल. पण छाटणीचं तुम्हाला विचारल्याशिवाय कात्री हातात घेत नाही.

आईला गुडघ्याची पट्टी लावायला सांगा, नुसती कपाटात ठेवू नको म्हणावं.

तुमची,
बारकी

ता. क. आत्ता झोपायच्या आधी टॉर्च घेऊन बघून आले. आभाळ निरभ्र आहे, म्हणजे पहाटे दव गोठणार. बाहेर 3, पडद्याच्या पुढं 5, मागं 8. हीटर अजून लागलेला नाही. काच कोरडी आहे.