हरित उद्योगाला अनुदानाआधी भरवसा हवा

महोदय,

शाश्वत विकासाचा विषय निघाला की उद्योगांना बहुधा दोनच जागा मिळतात, एक आरोपीची आणि दुसरी देणगीदाराची. सरकारेही याच नजरेने पाहतात. एका हाताने दंडाची नोटीस, दुसऱ्या हाताने हरित पुरस्कार. कारखानदाराला सरकारकडून सर्वांत आधी हवा असतो तो भरवसा, आणि नेमका तोच मिळत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र.

बॉयलर, भट्टी किंवा सांडपाणी शुद्धीकरणाची यंत्रणा एकदा बसवली की पंधरा-वीस वर्षे चालते. तेवढ्या काळात नियम कोणत्या दिशेने जाणार हे ठाऊक असेल तर मालक पैसे गुंतवतो, बँकही कर्ज द्यायला तयार होते. ठाऊक नसेल तर जुन्याच यंत्राची डागडुजी करून वेळ मारून नेली जाते. दरवेळी त्यामागे लोभच असतो असे नाही, हिशेबच तसा निघतो.

स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर, म्हणजे इंधन जाळून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडवरचा कर, लावला. सुरुवातीचा दर या वायूच्या टनामागे सुमारे २५० क्रोना (स्वीडनचे चलन) होता, तो टप्प्याटप्प्याने १,००० क्रोनांच्या वर गेला. त्याच करसुधारणेत लोकांच्या उत्पन्नावरील कर कमी केले गेले. परदेशी स्पर्धेला तोंड देणाऱ्या उद्योगांना काही वर्षे कमी दर होता, पण ती सवलत हळूहळू काढत २०१८ पर्यंत संपवण्यात आली. १९९० च्या तुलनेत त्या देशाचे उत्सर्जन पाव हिश्श्याहून अधिक घटले आणि अर्थव्यवस्था वाढत राहिली. सगळे श्रेय कराला देता येणार नाही, कारण जलविद्युत आणि अणुऊर्जेचा आधार तिथे आधीपासूनच होता. तरीही उद्या कर वाढणार हे आजच माहीत असल्याने उद्योगांना तयारीला वेळ मिळाला.

याच्या उलट स्पेनमध्ये घडले. २००७ मध्ये सौर विजेला इतका चढा खरेदीदर जाहीर झाला की पुढच्याच वर्षी प्रकल्पांची झुंबड उडाली. बोजा झेपेना तेव्हा २०१० पासून आधीच उभ्या राहिलेल्या प्रकल्पांच्या सवलतींनाही कात्री लागली आणि २०१३ मध्ये ती दरपद्धतच मोडीत निघाली. परदेशी गुंतवणूकदार आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेले. ज्या छोट्या गुंतवणूकदारांनी कर्ज काढून पैसे घातले होते, त्यांना तर तोही मार्ग नव्हता. स्पेनचा हेतू चांगलाच होता, पण दिलेला शब्द फिरवल्यावर पुढच्या हरित योजनेवर कोण विश्वास ठेवणार? न पेलणारे अनुदान जाहीर करण्यापेक्षा पेलेल तेवढेच द्यावे आणि ते शेवटपर्यंत पाळावे.

अनुदान नकोच, असे मात्र मला म्हणायचे नाही. ओझोनच्या थराला मारक वायूंवर नियंत्रण आणणारा माँट्रियल करार १९८७ मध्ये झाला. कोणता वायू कधीपर्यंत बंद करायचा याच्या तारखा त्यातून ठरत गेल्या. विकसनशील देशांना १० वर्षांची वाढीव मुदत मिळाली आणि १९९० मध्ये स्थापन झालेल्या बहुपक्षीय निधीतून तिथल्या कारखान्यांच्या यंत्रबदलाचा वाढीव खर्च भागवला गेला. मुदत, पर्यायी तंत्र आणि पैसा ही तिन्ही कामे एकत्र झाली, म्हणून फ्रिज आणि फवाऱ्याचे डबे बनवणारे उद्योग बदलले. नियंत्रणाखालच्या त्या रसायनांपैकी जवळजवळ ९९ टक्के आज वापरातून गेली आहेत. बंदी आधी आणि पर्याय मागाहून शोधा, अशा घाईच्या फतव्यांनी हे साधले नसते.

एकीकडे हरित योजनेला पैसा द्यायचा आणि दुसरीकडे कोळसा-तेल स्वस्त ठेवायला त्याहून जास्त खर्च करायचा, हा विरोधाभास तर जगभर आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जीवाश्म इंधनांवरची थेट अनुदाने सुमारे १.३ लाख कोटी डॉलर होती. ऊर्जा वाचवणाऱ्या कारखान्याला मग बाजारात फायदा दिसणार कुठून?

काही कामे मात्र फारसा खर्च न करता होण्यासारखी आहेत. डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग गावात वीजकेंद्राच्या धुरातून गंधक काढताना तयार होणारा जिप्सम शेजारचा प्लास्टरबोर्डचा कारखाना वर्षानुवर्षे वापरत असे आणि वाफेचीही अशीच देवाणघेवाण झाली आहे. अनेक ठिकाणी असा पदार्थ कागदोपत्री ‘घातक कचरा’ ठरतो आणि शेजाऱ्याला देण्यासाठी परवानग्यांच्या इतक्या फेऱ्या माराव्या लागतात की तो पुरून टाकणेच स्वस्त पडते. तपासणीने सुरक्षित ठरलेल्या पदार्थाला कच्चा माल म्हणून मान्यता द्यायला तिजोरीची गरज नाही.

मोजमापाचेही तसेच. युरोपीय संघाने पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम, खते अशा आयात मालाबाबत, तो बनवताना किती कार्बन उत्सर्जन झाले याचा हिशेब मागायला ऑक्टोबर २०२३ पासून सुरुवात केली. मोठ्या कंपन्या सल्लागार नेमतात. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या दहा-वीस कामगारांच्या कारखान्याने काय करायचे? अशांसाठी सरकारने सामायिक प्रयोगशाळा, ऊर्जा-तपासनीस आणि एकच सोपा नमुना अर्ज उपलब्ध करून द्यावा. जगातले सुमारे ९० टक्के व्यवसाय लघु-मध्यम आहेत. धोरणे मात्र बड्यांच्या सभागृहांत ठरतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आणि सरकार स्वतः केवढा मोठा ग्राहक आहे! ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेतील देशांत सरकारी खरेदी देशाच्या उत्पन्नाच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास असते. तरी निविदा बहुतेकदा सर्वांत कमी किमतीलाच मिळते. पंप आज स्वस्त असला तरी पुढची दहा वर्षे तो किती वीज खाणार, हे निविदेत मोजले जात नाही. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदी निर्देशात आयुष्यभराचा खर्च धरण्याची तरतूद आहे. ती इतरत्रही आणता येईल.

२०११ च्या युरोपीय निर्देशाने सरकारी संस्थांना पुरवठादारांची बिले साधारणपणे ३० दिवसांत चुकती करण्याचे बंधन घातले. जिथे ती सहा-सहा महिने अडकतात, तिथल्या सरकारांनी छोट्या कारखानदाराला सौर पॅनेलसाठी सवलतीचे कर्ज देऊ करण्याआधी त्याचे स्वतःचे पैसे त्याला वेळेवर द्यावेत.

आपला,
एक वाचक