इंजेक्शनआधीच्या गोळ्या

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला प्रोस्टेटच्या कर्करोगावरचा लेख वाचला. ‘मग हार्मोनचे इंजेक्शन देतात’ या एका वाक्यात त्यात जे उरकले आहे, नेमके तिथेच आमचे घर ठेचकाळले होते.

अण्णांचा आजार मणक्यात उतरल्याचे कळले तेव्हा डॉक्टरांनी तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन आणि त्याच्या आठवडाभर आधीपासूनच्या गोळ्या लिहून दिल्या. महागडे इंजेक्शन वेळेवर टोचून घेतले. गोळ्यांची पट्टी मात्र फडताळात तशीच राहिली. ‘आधीच मूठभर गोळ्या, त्यात ही आणखी कशाला?’ म्हणाले, आणि आम्हीही गप्प बसलो. आठवड्यात कंबर अशी धरली की कूस बदलताना अण्णा उशीचे टोक दातांत धरायचे.

कारण नंतर कळले. हा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर (हार्मोनवर) पोसतो, हे शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. वृषणे काढली की तो ओसरतो. पण पुढे पुन्हा उसळतो. म्हणून १९५०च्या दशकात स्टॉकहोममध्ये डॉ. लुफ्त आणि डॉ. ऑलिव्हक्रोना यांनी प्रगत कर्करोगाच्या रुग्णांची मेंदूच्या बुडाशी असलेली, वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथीच काढायला सुरुवात केली. वृषणांना हुकूम सोडणारी तीच. ग्रंथी गेल्यावर शरीरात न बनणारे, पण जगायला लागणारे कॉर्टिसोन हे संप्रेरक औषध म्हणून मिळू लागले होते, म्हणूनच माणूस त्यानंतर जगायचा. तेही जन्मभर औषधे घेऊन. तरी काहींची हाडांची वेदना एकदोन दिवसांत थांबे, गाठ तेवढीच असली तरी!

आजचे इंजेक्शन कवटीला हात न लावता त्याच ग्रंथीला गप्प करते. फक्त एक फरक. काढलेली ग्रंथी उसळत नाही. इंजेक्शनने ती आधी चवताळते, आठवडा-दोन आठवडे संप्रेरक वाढते आणि मग थंडावते. त्या काळात आजाराला खुराक मिळू नये म्हणून त्या गोळ्या. (हा भडका न उडवणारी नवी इंजेक्शनेही आहेत. आणि दर तिमाहीचा खर्च न झेपणाऱ्यांसाठी हगिन्स यांच्या पद्धतीची, वृषणे काढण्याची छोटी शस्त्रक्रिया आजही आहे. लाजेपोटी तिचे नावही कोणी काढत नाही.)

पुढच्या लेखात याला दोन ओळी द्याव्यात, आणि तिसरी ही : मणक्यात आजार असलेल्याचे पाय लुळे पडू लागले किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

– एक वाचक, मिरज