आजार म्हणायचं ते कशासाठी

नाशिक, रविवार

प्रिय सुमे,

तुझ्या धाकट्या भावाच्या दारूबद्दलचा तुझा मेसेज ड्यूटीवरून आल्यावर ऐकला. तुला करायला फोन लगेच उचलला होता, पण चिडलीस की तू समोरच्याला बोलू देत नाहीस, आणि मला सगळं सलग सांगायचंय. म्हणून लिहायलाच बसले.

“डॉक्टर म्हणतात आजार आहे. आजार म्हणे! मधुमेह कुणी दुकानात जाऊन पैसे मोजून विकत आणतं का?” असं तू म्हणालीस. तुझा राग मला समजतो. भावजय माहेरी गेलेली, तिचं मंगळसूत्र गहाण, काकू रात्रभर दाराकडे डोळे लावून बसलेल्या, आणि वर कुणीतरी टेबलापलीकडून म्हणतं, ताई, तो आजारी आहे. जणू जे झालं ते कुणी केलंच नाही, आपोआप झालं! तरीही सुमे, डॉक्टर बरोबर बोलले. त्यांनी अर्धंच सांगितलं, उरलेलं अर्धं मी सांगते.

पहिला घोट धाकट्याने स्वतःच्या हाताने घेतला, हे खरंच. पण तसा तो आपल्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी घेतला होता. कुणी गणपतीच्या मिरवणुकीत, कुणी मित्राच्या हळदीच्या रात्री. त्यातले बरेचसे आजही सणावाराला बसतात आणि घरी येऊन जेवून झोपतात. धाकट्याचं तसं झालं नाही. जुळ्या भावंडांवर आणि दत्तक गेलेल्या मुलांवर जगभर झालेले अभ्यास सांगतात की दारूत अडकण्याच्या धोक्याचा साधारण निम्मा वाटा रक्तातून येतो. तुझे आजोबा आठव. मोठे काका आठव. “काका काविळीने गेले” असं तुमच्या घरात म्हणतात. ती कावीळ कशाची होती ते आख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मधुमेहाचंही असंच असतं. घराण्यात असतो, खाण्यापिण्याने वर येतो. पण आमच्या ओपीडीत मधुमेहाच्या पेशंटला, किती जिलब्या खाल्ल्यास ते आधी सांग, मग इन्सुलिन देते, असं मी कधी म्हणत नाही.

आणि सध्या तो मजेसाठी पीत नाहीये, हे तुला कुणी सांगितलंय का? दारू मेंदूला शांत करते. रोज शांत केलं की मेंदू तोल सांभाळायला स्वतःला सारखा चेतवत राहतो. मग दारू काढून घेतली की मागे उरतो तो नुसता चेतलेला मेंदू. हात थरथरतात, घाम फुटतो, ओकाऱ्या येतात, नाडी पळते. तूच म्हणालीस की तो सकाळी दात घासायच्या आधी गॅरेजच्या मागे जाऊन येतो. तो जातो ते चहाचा कप हातात धरता यावा म्हणून.

मागे आमच्या वॉर्डात एक एसटी कंडक्टर होते. पाय मोडला म्हणून ॲडमिट झालेले. “दारू घेतात का?” असं विचारलं तर घरच्यांनी एका सुरात “छे छे, कधीतरी” असं सांगितलं. सगळी मंडळी चांगल्या घरातली, लाजली बिचारी. तिसऱ्या रात्री माझी नाइट होती. अडीचच्या सुमाराला आवाज आला, टक टक, टक टक. जाऊन बघते तर हे गृहस्थ कॉटवर अर्धे उठून बसलेले, डावा हात तिकिटांचा ट्रे धरल्यासारखा छातीशी, उजव्या हातात काहीच नाही, पण पंच वाजवावा तसं कॉटच्या लोखंडी कडेवर बोटांनी ठोकत होते. “पुढे सरका, पुढे सरका. सुटे द्या.” अंगावरून मुंग्या चालल्यासारखे मधेच चादर झटकत होते. घामाने गादी भिजलेली. मला म्हणाले, “बोला बाई, कुठलं?” मी त्यांचा हात धरला तर नाडी मोजता येईना इतकी जलद. दारू अचानक सुटल्यावर दोन-तीन दिवसांत होतो तो हा प्रकार. त्याचं नाव डिलिरियम ट्रेमेन्स, आमच्याकडे त्याला नुसतं ‘डीटी’ म्हणतात. वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस त्यात जातो. त्या रात्री डॉक्टरांनी लिब्रियम या मेंदू शांत करणाऱ्या औषधाचा डोस दिला, सलाइनआधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं आणि ते वाचले. सकाळी त्यांच्या बायकोने मला बाजूला घेऊन खरं किती ते सांगितलं. रोज अर्धी बाटली, कित्येक वर्षं.

त्या माणसाचा डीटी इतका वाढेपर्यंत कुणाला कळला नाही तो लाजेमुळे. दम्याच्या पेशंटची बायको पंप लपवून ठेवत नाही. दारू हा घराण्याला लागलेला डाग ठरला की घरची माणसं डॉक्टरांशी खोटं बोलतात, आणि मग डॉक्टर चुकीचे उपचार करतात. काकूंनी परवा “अधूनमधून घेतो” असं सांगितलं, तेही याच लाजेपोटी. त्याला आजार म्हणायचं ते मुळात यासाठी, की खरं सांगायची सोय व्हावी.

आता तू म्हणशील, आपल्या गावातल्या कितीजणांनी माळ घातली आणि त्यांची सुटली, त्यांना कुठलं इंजेक्शन लागलं? मोठा प्रश्न आहे हा, आणि आजार-आजार म्हणणारे बरेचदा तो टाळतात. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे सैनिक तिकडे हेरॉइनला लागले होते, पाचांतला एक. सरकारची झोप उडाली. ली रॉबिन्स नावाच्या बाईंनी १९७१ साली परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला, तेव्हा असं दिसलं की तिकडे अडकलेल्यांपैकी घरी आल्यावर पहिल्या वर्षात वीसांतला जेमतेम एक पुन्हा अडकला. बहुतेकांनी तर उपचारही घेतले नव्हते. जंगल, भीती, स्वस्त माल आणि घेणारी टोळी, हे सगळं मागे राहिलं होतं. माळ घातलेल्या माणसाचं मला असंच काहीसं वाटतं. तो नुसती शपथ घेत नाही. त्याची संध्याकाळ बदलते, बसायची जागा बदलते, खांद्यावर हात टाकणारे बदलतात. गुत्त्याच्या वेळेला हरिपाठ असतो आणि एक दिवस गेला नाही तर दुसऱ्या दिवशी दारात चौकशीला माणूस येतो.

पण यावरून आजार नाही असं ठरत नाही. क्षयाच्या पेशंटचंही नुसत्या गोळ्या लिहून देऊन भागत नाही, त्या तो महिनोन्महिने घेतोय ना यावर कुणीतरी लक्ष ठेवावं लागतं. यातून मी एवढंच घेते की धाकट्याला पाच आठवडे व्यसनमुक्ती केंद्रात ठेवून पुन्हा त्याच तिठ्यावरच्या गॅरेजात, त्याच तीन मित्रांत सोडलंत, तर पैसे वाया जातील. आणि माळ घालणारा फार पिणारा असेल तर त्याने आधी डॉक्टर गाठावा, कारण मेंदूला श्रद्धा कळायच्या आत फिट येते.

आता ते उरलेलं अर्धं. आजार आहे म्हणून तुझ्या भावजयीने परत यावं, असं मी मुळीच म्हणत नाही. तिला कुणी म्हणालं ना, “नवरा आजारी आहे, अशा वेळी बायकोने सोडून जायचं का?” तर माझ्याकडे पाठव त्याला. हात थरथरणं हा आजार आहे, न सुटणारी ओढही आजार आहे. पण बायकोवर हात उगारणं आणि तिचं सोनं तिला न विचारता नेणं हा तिच्यावर झालेला अन्याय आहे, आणि तो त्यालाच भरून द्यावा लागेल. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना सावरायचा गट, १९३५ साली अमेरिकेत सुरू केला तो दोन पिणाऱ्या माणसांनीच, एक शेअर दलाल आणि एक सर्जन. दारू हा आजार आहे ही गोष्ट गावोगाव पोचवली ती मुख्यतः याच मंडळींनी. तरी त्यांच्या बारा पायऱ्या काढून बघ. पहिल्या पायरीला माणूस कबूल करतो की दारूपुढे माझं काही चालत नाही. आठव्या पायरीला तो आपण दुखावलेल्या माणसांची यादी करतो आणि नवव्या पायरीला, त्यांचं आणखी नुकसान होणार नसेल तर, एकेकाकडे जाऊन भरपाई करतो. आजारी आहे म्हणून सुटका, असं त्यांच्यातल्याच कुणी म्हटलेलं नाही. धाकट्याच्या यादीत पहिलं नाव भावजयीचं आणि दुसरं काकूंचं.

मला खरा राग येतो तो सरकारचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे विकार धरलेत. आणि तुझ्या आरोग्यविम्याची पॉलिसी उलटून बघ, दारूच्या उपचाराचा खर्च मिळणार नाही असं कलम छापलेलं असतं. एम्सने देशभर सर्वेक्षण केलं, त्याचा अहवाल २०१९ मध्ये आला: दारूमुळे त्रासात असलेले, मदतीची गरज असलेले ५.७ कोटी लोक, आणि पुरतं व्यसन जडलेल्या ३८ जणांतून एकालाच कसला तरी उपचार मिळालेला. उरलेले सदतीस कुठे असतात ते मी रोज बघते. ते आमच्याकडे रक्ताची उलटी घेऊन येतात.

काय करायचं ते सांगते. घरी एकदम बंद करू नका, खोलीत कोंडून तर अजिबात नाही, फिट येईल. कुणी चहातून द्यायची पुडी आणून दिली तर फेकून दे. त्यात बहुधा डायसल्फिरॅम असतं. ते पोटात असताना वरून दारू गेली की चेहरा लालभडक होतो, धडधडतं, बीपी कोसळतं, माणूस दगावूही शकतो. औषध चांगलं आहे, पण ज्याला माहीत आहे आणि ज्याने हो म्हटलंय त्याच्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रात्री गाडी घेऊन येतो आणि उचलून नेतो म्हणणाऱ्या केंद्रांच्या नादी लागू नका. मानसोपचारतज्ज्ञ येतात का, घरच्यांना भेटू देतात का, मारहाण होते का, हे तिथून बाहेर पडलेल्या माणसालाच विचारा.

कराडहून पुणं लांब नाही. येरवड्याला मुक्तांगण आहे, १९८६ पासून. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी, पु. ल. आणि सुनीताबाईंच्या मदतीने सुरू केलेलं. तिथे पेशंटच्या बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट आहे. तू भावजयीला तिथे एकदा घेऊन जाच, धाकटा यायला तयार असो वा नसो. तिच्यावर काय गेलंय ते ऐकायला तिथे तिच्यासारख्याच बायका असतील. आधी फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.

आणि तो तिथून आला आणि पुन्हा प्यायला तर? सुमे, तशी तयारी ठेव. निम्म्याच्या आसपास लोक पुन्हा घसरतात. दम्याचे आणि बीपीचे पेशंटही जवळपास तितकेच घसरतात. दमा उलटला की आपण औषध बदलतो, दारू उलटली की माणसाचं सामान बाहेर काढतो. पुन्हा प्यायला तर त्याच दिवशी मला कळव, आठवडाभर लपवत बसू नका.

बुधवारी तुम्ही डॉक्टरांकडे जाणार ना, तेव्हा काकूंना घरी ठेव आणि तू जा. रोज किती घेतो, शेवटची कधी घेतली, आधी कधी फिट आली होती का, भास झाले होते का, या चार गोष्टी कागदावर लिहून ने आणि आकडा कमी करून सांगू नकोस. रात्री मला फोन कर, माझी मॉर्निंग आहे, जागी असेन.

तुझी,
शैला