दोन धडाम म्हणजे एक विमान

विश्रांतवाडी, पुणे
रविवार रात्र

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

गाडी सिकंदराबादला वेळेवर पोचली, हे बाबांनी मोबाइलवर बघून सांगितलं. तू नाही सांगितलंस. असो. त्यावर एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच बसले आहे.

स्टेशनवर मी बोलले ते चुकलंच. "तुला हवाई दलाची हौस आहे ना, मग जा, पण मला झोप लागेल असं समजू नकोस" हे काय डब्याच्या दारात उभ्या असलेल्या मुलीला बोलायचं असतं? बाकड्यावरच्या त्या बाई कान देऊन ऐकत होत्या. तू "आई, पुरे आता" म्हणालीस आणि आत गेलीस. एसीच्या डब्याची काच काळी, त्यामुळे तू हात केलास की नाही तेही दिसलं नाही. बाबा म्हणतात केलास. त्यांना सगळंच दिसतं.

खरं बिनसलं ते शनिवारी जेवताना. तू सहज म्हणालीस, "पायलट नाही झाले तरी चालेल, वेपन सिस्टिम्स ब्रँच मिळाली तर शस्त्रं सांभाळायला सुखोईत मागे बसेन." बाबांनी टाळी दिली, दादामामाने फोनवर शिट्टी मारली, आणि मी वाढलेलं पान सोडून उगाच आत गेले. तुला वाटलं मला राग आला. राग नव्हता गं. "मागे बसेन" ऐकलं आणि मला आप्पा दिसले, दाराबाहेरच्या चपला मोजणारे.

तू आजोबा म्हणून पाहिलंस ते पेन्शनीतले आप्पा, बागेत ट्रान्झिस्टर घेऊन बसणारे. मी पाहिलेत ते आर्मामेंटवाले आप्पा. कॅनबेरा बॉम्बर विमानाच्या पोटात हजार पौंडी बॉम्ब चढवायचे, पिना काढायच्या, मोजून दाखवायच्या आणि बाजूला व्हायचं. मग वाट बघायची. बॉम्बर स्क्वाड्रनमध्ये नव्वद टक्के माणसांचं काम वाट बघण्याचंच, असं ते म्हणायचे. आकडा त्यांच्या मनचा, पण मला पटतो.

आम्ही लोहगावच्या क्वार्टरमध्ये राहायचो. 1971 च्या डिसेंबरात मी आठ वर्षांची. खिडक्यांना काळे कागद, चिमणीवरही कागद गुंडाळलेला. कॅनबेराचं इंजिन काडतुसाने सुरू व्हायचं. बंदुकीचा बार काढावा तसा आवाज, आणि मग काळ्या धुराचा लोट. विमानाला इंजिनं दोन, म्हणून धडाम दोन. दादामामा आणि मी गोधडीत पडून बोटांवर मोजायचो: आठ धडाम, म्हणजे चार विमानं गेली. परत येताना मात्र धडाम नाही. नुसती घरघर, तीही वाऱ्यावर अवलंबून. एका रात्री आम्ही चार पाठवली आणि तीनच ऐकली. आजीला उठवलं. ती म्हणाली, "झोपा, एखादं हळू आलं असेल." मग ती स्वतः सकाळपर्यंत ओट्यापाशी बसून राहिली. चौथं आलं होतं, आम्हालाच झोप लागली होती. सकाळी आप्पा आले, शर्टाला त्या काडतुसांचा वास, आणि आल्या आल्या त्यांनी आमच्या चपला मोजल्या. तीन जोड. हो, बरोबर.

ही खोड त्यांना 1965 पासूनची. तेव्हा ते 16 स्क्वाड्रनबरोबर बंगालमधल्या कलाईकुंड्याला होते. 7 सप्टेंबरला पहाटे विंग कमांडर विल्सन यांच्या नेतृत्वाखाली पूर्व पाकिस्तानातल्या चितगाववर हल्ला करून विमानं परत आली. आप्पांनी मोजून घेतली, सगळी हजर. चहा प्यायला वळले आणि पाकिस्तानची सेबर लढाऊ विमानं आली. दोन कॅनबेरा उभ्या जागी जळाली. "आलेलं विमानसुद्धा आलं असं समजू नये," एवढंच ते त्याबद्दल बोलायचे. बाकी मी आजीकडून ऐकलं.

पण त्यांच्याकडे हसायच्या गोष्टीही होत्या. गोव्याची तर तुला पाठ आहे. 18 डिसेंबर 1961, पुण्याहून 12 कॅनबेरा, विंग कमांडर मेनन पुढे, दाबोळीच्या धावपट्टीवर 63,000 पौंडांचे बॉम्ब. हुकूम असा की इमारतींना हात लावायचा नाही, फक्त धावपट्टी. आदल्या रात्री ते बॉम्ब चढवताना आप्पांची पाठ धरली ती कायमचीच. आणि एवढं करून त्याच रात्री पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं त्याच खणलेल्या धावपट्टीवरून निसटली! आम्ही पहिल्यांदा विमानाने गोव्याला गेलो तेव्हा चाकं टेकली, जरा हादरा बसला, तर आप्पा शेजारच्या अनोळखी गृहस्थांना म्हणाले, "माफ करा, हा खड्डा आमचाच."

बघ, मला लिहायचं होतं भलतंच.

मुद्दा नेव्हिगेटरचा, म्हणजे वाट दाखवणाऱ्या, नेम धरणाऱ्या दुसऱ्या माणसाचा. आपल्या कॅनबेरात पायलट वर काचेच्या घुमटाखाली बसायचा आणि नेव्हिगेटर खाली, नाकाडात. नेम धरायच्या वेळी तर पालथा झोपलेला. पायलटला इजेक्शन सीट होती, नेव्हिगेटरला नव्हती. वेळ आलीच तर त्याने पॅराशूट लावून बाजूच्या दारातून स्वतः बाहेर पडायचं, तेही पडत्या विमानातून. आप्पा शिडीशी उभे असत तेव्हा पायलटला सलाम करायचे आणि नेव्हिगेटरच्या पाठीवर हात ठेवायचे. शिस्तीत बसत नव्हतं, पण कुणी त्यांना हटकलं नाही.

सुखोईत दोघांनाही इजेक्शन सीट असते. मला माहीत आहे. बाबांनी चित्र काढून दाखवलंय. तरीही.

आणि विमान पडतं ते युद्धातच असंही नाही. कॅनबेराचे पायलट पद्मनाभ गौतम म्हणजे आप्पांचं दैवत. 1965 आणि 1971, दोन्ही वेळी महावीर चक्र. दोन्ही युद्धांतून घरी आले, आणि नोव्हेंबर 1972 मध्ये इथेच, पुण्याजवळ, मिग-21 कोसळून गेले. त्या दिवशी आप्पांनी घरी आल्यावर चपला मोजल्याच नाहीत. नुसते उंबऱ्यात बसले.

तेव्हा ट्रेनिंगमध्ये शहाणपणा दाखवायला जाऊ नकोस. थकली असशील तर थकले म्हणून सांग, त्यात कमीपणा नाही. चेकलिस्ट पाठ असली तरी वाचूनच कर. जेवण टाळू नकोस, तू टेन्शनमध्ये जेवत नाहीस हे मला बोर्डाच्या परीक्षेपासून माहीत आहे. आणि विमानाला हात लावणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव लक्षात ठेव. पिना काढणाऱ्याचं, शिडी धरणाऱ्याचं, टायर बघणाऱ्याचं. तुम्ही वर गेलात की खाली उभी राहतात ती तीच माणसं, आणि त्यांना कुणी...

पुन्हा सुरू झालं माझं प्रवचन. क्षमा कर. तुला हे सगळं तिथले लोक माझ्यापेक्षा नीट शिकवतील, आणि ओरडूनही शिकवतील.

2007 चं तुला आठवणार नाही, तू पाच वर्षांची होतीस. 11 मे ला आग्र्याला कॅनबेरा निवृत्त झालं, पन्नास वर्षांनी. आप्पांनी टीव्हीसमोर उभं राहून सलाम केला आणि तुझ्याकडूनही करून घेतला, डाव्या हाताने केलास म्हणून परत करायला लावला. पुढच्याच महिन्यात पेपरात आलं की 1971 मध्ये बेपत्ता झालेल्यांचे 14 नातेवाईक पाकिस्तानातले तुरुंग बघायला गेलेत. 54 जणांची यादी. त्यात कॅनबेराच्या जोडीतले दोघं, एक पायलट आणि एक नेव्हिगेटर. आप्पा त्यांना ओळखत नव्हते. तरी पंधरा दिवस रोज सकाळी माझ्या आधी पेपर उचलायचे. नातेवाईक परत आले, हाती काही न लागता. आप्पांनी तो अंक घडी करून ट्रंकेत ठेवला. रद्दीत द्यायला कधी तयार झाले नाहीत. अजून आहे.

तू जायची मला भीती नाही गं वाटत. म्हणजे वाटते, खोटं कशाला बोलू, लग्नानंतर तेरा वर्षांनी झालीस तू. पण जास्त भीती त्या पेपरची वाटते. छत्तीस वर्षं रोज कोणी फाटकाकडे बघत असेल, त्याची.

निवड यादीत तुझं नाव आलं त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली, मग त्या ट्रंकेपुढेही ठेवली. शेजारच्या काकूंना तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा त्यांनीच मला सांगितलं की आधी सांगितलंय. ही गोष्ट तुला कळवायची राहूनच गेली होती, कारण त्याच दिवसापासून मी तोंड पाडून बसले होते.

तिथे मोबाइल जमा करून घेतात, रविवारी थोडा वेळ देतात, असं बाबा म्हणाले. तेव्हा आज आला नाही म्हणजे अजून बसायला जागा मिळाली नसेल, रांग असेल, एवढंच. पुढच्या रविवारी कर. मी वाट बघणार नाही. साडेसहाच्या आत केलास तर बरं, कारण नंतर मी भजनाला जाते. जाणार नाही म्हणा त्या दिवशी.

तुझ्या निळ्या चपला दारातच राहिल्यात. तिथे बाथरूमला लागतील. कुरिअरने पाठवू का कळव. बाबा म्हणतात तिथे देतात सगळं. मी अजून उचलल्या नाहीत.

तुझी,
आई

ता. क. पोचलीस ना नीट?