तुम्ही जे काढलं नाहीत, त्यासाठी

आदरणीय डॉक्टर मॅडम,

ऑपरेशनला परवा वर्ष झालं. उजवा हात डोक्यामागे नेऊन अंबाडा घालताना तुमची आठवण आली आणि डोळे भरून आले. घरी सोडलंत त्या दिवशी मी नुसते हात जोडले होते, तोंडातून शब्दच फुटला नव्हता.

स्तनात कॅन्सरची गाठ आहे कळल्यावर मी मनाशी ठरवूनच तुमच्याकडे आले होते: सगळं काढून टाका, पण जगवा. तुम्ही मला दटावलं नाहीत. कोरा कागद ओढलात, चित्र काढलंत आणि म्हणालात, एके काळी सर्जनही असाच विचार करायचे. अमेरिकन सर्जन हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये मांडलेल्या शस्त्रक्रियेत स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिका गाठी (शरीरातला लसिका नावाचा द्रव गाळणाऱ्या, मुळातच असणाऱ्या छोट्या गाठी), सगळंच जायचं. कित्येक दशकं तेच चाललं. मग सर्जन बर्नार्ड फिशर यांनी १९७६ मध्ये चाचणी सुरू केली. कुणाचा पूर्ण स्तन काढायचा आणि कुणाची फक्त गाठ, हे सोडतीसारखं ठरायचं. वीस वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. किती बायका जगल्या, यात दोन्हीकडे फरक नव्हता. रेडिएशन मात्र चुकवायचं नाही, कारण ते घेतलं नाही तर त्याच स्तनात गाठ परत येण्याचं प्रमाण बरंच वाढतं, हे तुम्ही दोनदा बजावलंत. त्या सोडतीला होकार देणाऱ्या अनोळखी बायकांचंही माझ्यावर ऋण आहे.

काखेचंही तसंच. निळा रंग टोचून स्तनातल्या लसिकेचा निचरा सगळ्यात आधी ज्या लसिका गाठींत जातो त्या शोधल्यात, तपासायला पाठवल्यात. त्या स्वच्छ निघाल्या म्हणून बाकीच्यांना हात लावला नाहीत. सगळ्या काढल्या असत्या तर हात कायमचा सुजण्याची भीती होती. तो हात आज अंबाडा घालतो.

मला आधी वाटायचं, शिकवणारे डॉक्टर म्हणजे पेशंटसाठी वेळ कमी. दुसऱ्या दिवशीच्या राउंडला तुम्ही माझ्या खाटेशी थांबून शिकाऊ डॉक्टरला विचारलंत, "यांची काख आपण का सोडली?" तो अडखळला. तुम्ही थांबलात, त्याला नीट आठवू दिलंत. मी पडल्या पडल्या ऐकत होते आणि माझ्याच ऑपरेशनचं कारण मला तेव्हा पुरतं समजलं. किती कापायचं हे शिकवणारे पुष्कळ असतील, कुठे थांबायचं ते तुम्ही शिकवत होतात. रोज असे प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या हाती मी होते, हे माझं भाग्य.

त्या मुलाला माझा निरोप द्या. त्याचं उत्तर शेवटी बरोबर आलं होतं, आणि दुपारी तो एकटाच येऊन माझा हात हळूच वर उचलून बघून गेला होता.

तुमची कृतज्ञ,
एक पेशंट